फताडे पाय

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे — खरी मात्र एकदाही नाही. मुरुडच्या माझ्या लॉजवर उतरलात तर जेवणासोबत ती फुकट मिळते. सैन्यभरतीत माझे पाय फताडे निघाले, डॉक्टर म्हणाला, बदकांची पलटण काढली की कळवू! मग मी फरशीवर थप थप चालून दाखवतो. पाहुण्यांना ठसका लागतो. आणि काय सांगू — मलाही मजा येते.

पण त्याआधीचं? ते कोण सांगणार?

त्या वर्षी टीव्हीवर रोज डोंगरातली लढाई दिसायची. मी वीस वर्षांचा, गावच्या नाटकांतला नायक. एका सकाळी मासळीच्या लिलावाच्या ओट्यावर चढलो आणि बोलत सुटलो. काय बोललो ते आठवत नाही. टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका रडल्या, एवढं आठवतं. अकरा पोरं माझ्यामागे एसटीत चढली. त्यांत हिराजी — माझा शेजारी, बापाच्या होडीवर जाणारा. सैन्यात जायचं त्याच्या मनातही नव्हतं. माझ्या शब्दावर आला. फौजेला माणसं अशीही मिळतात — कुणीतरी माझ्यासारखा ओट्यावर चढतो.

अलिबागच्या मैदानात हजारो उघडी पोरं, प्रत्येकाच्या छातीवर शाईने नंबर. डोळे दिपले माझे. धावण्यात मी पुढे होतो. छाती भरली, उंची भरली. मग ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं — ठसा बघायला. आणि तिथे, अगदी तिथे, मला कळलं की हे नाटक नाही. एकदा मी म्हाताऱ्या सावकाराचं काम केलं होतं, घोटे आत पाडून चालायचो. तसेच पाडले. ठसा सपाट उमटला. डॉक्टरला रांग उरकायची होती. त्याने फुली मारली. बदकांचं तो काहीच बोलला नाही — ते माझं.

हिराजीला घेतलं. फाटकाबाहेर तो रडला — माझं नाव निघालं नाही म्हणून!

"तुज्या वाटचं मी करीन रं," म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेही झकास जमलं.

त्याने केलं. चोवीस वर्षं. हवालदार होऊन परतला, तेव्हा एका सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर आम्ही लांबवर चालत गेलो. माघारी वळलो तर समोर आमचेच ठसे. त्याच्या डाव्या पावलाला दोनच बोटं — बाकीची बर्फातल्या चौकीवर गेली. शेजारी माझं पाऊल: टाच, चवडा आणि मधे सुबक कमान.

तो थांबला. बघत राहिला. कोळ्याच्या पोराला वाळूतला ठसा वाचायला शिकवावं लागतं का? त्या दोन बोटांच्या ठशापुढे मला मान वर करता येईना — एवढा मोठा माणूस मी इतकी वर्षं शेजारी म्हणून ओळखत होतो? तो माझ्या ठशांना वळसा घालून चालू लागला.

दुपारी पाहुण्यांनी गोष्ट मागितली. हिराजी समोरच जेवत होता. मी सांगितली. थप थपही केलं.

तो हसला — सगळ्यांच्या आधी.