संकल्प घेऊन हॅलिफॅक्सला

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी ओकव्हिलच्या आमच्या घरासमोर बर्फ शोव्हल करत होते. परवानगी मिळाली होती! फावडं तिथेच टाकून मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, "सतीश, तिकिटं काढ!"

माझे कॅन्सरचे उपचार संपून दोन वर्षं झाली होती. रिपोर्ट चांगले यायचे, तरी प्रत्येक स्कॅनआधी महिनाभर ना झोप, ना जेवण. म्हणून डॉक्टरांनी सायलोसायबिन थेरपीच्या खास परवानगीसाठी सरकारकडे अप्लाय केलं होतं. हे एका प्रकारच्या अळंबीतलं, काही तास भान बदलणारं द्रव्य. थेरपिस्ट शेजारी बसून, तपासण्या करून देतात. तुमच्याही मनात असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, चालू असलेली औषधं लपवू नका.

थेरपीचं क्लिनिक हॅलिफॅक्सला, टोरोंटोहून विमानानं दोन तासांवर. थेरपिस्ट मार्गारेटनं गृहपाठ दिला होता: येताना संकल्प लिहून आणा. मी विमानात अकरा मुद्दे लिहिले. सतीशनं वाचले आणि म्हणाला, "अगं, हा संकल्प आहे की ग्रोसरीची यादी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदरातली फेरी बोट घेतली. बसच्याच तिकिटात होते, जरूर करा. फक्त वारा कान कापतो. शेजारी एक बाई कठडा घट्ट धरून उभी होती. मैत्रिणीला सांगत होती, "मला पाण्याची फार भीती वाटते. रोज वाटते."

"मग रोज येतेस कशाला?"

"ऑफिस पलीकडे आहे ना!"

दोघी खळखळून हसल्या. मी तिथेच यादी फाडून खिशात कोंबली आणि तिकिटाच्या मागे लिहिलं: भीती असू दे, मला पलीकडे जायचंय.

मार्गारेटनं ते दोनदा वाचलं. "पलीकडे काय आहे?"

"माहीत नाही."

"छान. मग बघून या."

थेरपीच्या दिवशी सकाळी हलका नाश्ता, मग सायलोसायबिनची कॅप्सूल, डोळ्यांवर पट्टी, मंद संगीत. सुरुवातीला स्कॅनच्या मशीनची धडधड इतकी जवळ आली की मी मार्गारेटचा हात गच्च धरला. ती हळूच म्हणाली, "पलीकडे." मी श्वास सोडला. मग मला माझेच हात दिसले, कणीक मळणारे. त्यांवर सुरकुत्या होत्या! भरपूर, सत्तरीच्या बाईच्या. मी मोठ्यानं हसत सुटले.

संध्याकाळी सतीश न्यायला आला. काळजीनं म्हणाला, "काय दिसलं गं?"

"म्हातारपण."

"अरे देवा! मग?"

"सुंदर आहे रे!"

तो डोळे पुसत हसला. आम्ही बंदरावर माशांचं दाट, गरम सूप प्यायलो. मी दोन वाट्या संपवल्या.

घरी येऊन चार महिने झाले. मार्गारेटशी व्हिडिओवर बोलणं चालू आहे. भीती गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. ती येते, पण आता महिनाभर मुक्काम ठोकत नाही. मागच्या आठवड्यात स्कॅन होता. नर्सला माझं नाव दोनदा पुकारावं लागलं. वेटिंग रूममध्ये मला चक्क डुलकी लागली होती.