राजनंदिनीचं वाक्य

पुण्याच्या खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा तिथल्याच एका सरकारी शाळेत प्रेमलाबाई तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. वाचता न येणाऱ्या पोराला कुणी 'ढ' म्हटलं, की त्यांचं डोकंच फिरायचं. "पोर ढ नसतं हो, शिकवणाऱ्याला कंटाळा असतो," हे त्या हेडमास्तरांच्या तोंडावर सांगायच्या. हेडमास्तरही पक्के पुणेरी. "पुस्तकं सरकारनं फुकट दिलीत बाई, तुम्ही कशाला नवी लिहिताय?"

कारण बाई पुस्तक मिटून ठेवायच्या. मूल बोलेल ते वाक्य त्याच्याच बोलीत कागदाच्या पट्टीवर लिहायचं, शब्द कापून सुटे करायचे आणि मुलानं ते पुन्हा जुळवून वाचायचं. बोलणं स्वतःचंच, त्यामुळे पोरं अडखळायची कमी.

राजनंदिनीपुढे मात्र सगळे उपाय थकले होते. बीडकडून आलेल्या सुखदेव वॉचमनची ही लेक. नाव एवढं लांबलचक, की ते लिहिता लिहिताच बिचारीचा तास संपायचा! एके दिवशी बाईंनी विचारलं, "बये, तुला काय सांगायचंय?"

"आई दिवाळीला येणार हाय."

बाईंनी लिहिलं, कापलं. पोरीनं शब्द जुळवले, बोट ठेवून वाचले, पुन्हा पुन्हा वाचले. बाईंचे डोळे भरून आले. ही बातमी द्यायला त्या स्वतः सुखदेवकडे गेल्या, तर त्यानं इमारतीच्या गेटपाशी बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. बाळंतपणाला गावी गेलेली त्याची बायको श्रावणातच दगावली होती. लेकीला सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

"अहो, सांगा तिला! रोज तेच वाचतेय ती."

"दिवाळी तर होऊ द्या, बाई."

रोज पोर तेच शब्द मागायची आणि बाई काळजावर दगड ठेवून द्यायच्या. त्या वाक्याच्या जोरावर ती बाकीचंही वाचू लागली.

दिवाळीची सुट्टी संपली. राजनंदिनी आली ती थेट बाईंच्या टेबलाशी. तिनं आपले शब्द मागून घेतले. 'आई' आणि 'येणार' एवढेच ठेवले, बाकीचे बाजूला सारले.

"बाई, 'नाही' लिहून द्या."

बाईंनी पट्टी पुढ्यात ओढली, पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. पण मूल म्हणेल ते लिहायचं, हा नियम त्यांचाच होता. पोरीनं तो शब्द शेवटी ठेवला, बोट फिरवत न अडखळता वाचलं आणि मान वर करून बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरोबर हाय का, बाई?"

उभ्या जन्मात पहिल्यांदाच प्रेमलाबाईंना बरोबर वाचणाऱ्या मुलाला 'चूक' म्हणावंसं वाटलं.

"बरोबर आहे, बाळा," त्या म्हणाल्या, आणि पोरीला पोटाशी धरून तिच्याआधी त्याच रडल्या.