दुपारच्या सुट्टीतली कादंबरी

राज्याचा मोठा साहित्य पुरस्कार जाहीर झाल्याचा फोन आला, तेव्हा बुर्गीच्या मनात सगळ्यात आधी ओटीच आली. या वेळी तरी ओटी येईल का?

आनंद झाला नाही असं नाही. सात कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, आणि दर कादंबरीला लोकांची नाकं मुरडून झाली होती. लिंट्स शहरातल्या एका पेपरवाल्यानं तर तिचं नावच 'रागीट बाई' ठेवलं होतं. तिला ते आवडायचं. पुरुष रागावला की त्याला स्पष्टवक्ता म्हणतात, एवढंच ती म्हणायची आणि पुढच्या कादंबरीला लागायची. आता त्रेसष्टाव्या वर्षी सरकारी कचेरीतली एक बाई फोनवर तिला सारखी 'प्रोफेसरबाई, प्रोफेसरबाई' करत होती. बुर्गीनं पंधराव्या वर्षी शाळा सोडलेली. पण आमच्याकडे माणूस थोडा नावाजला की त्याला एखादी पदवी चिकटवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही.

"गुरुवारी, नेहमीप्रमाणे संध्याकाळी सातला," कचेरीतली बाई म्हणाली. "तुमच्या पाहुण्यांची नावं कळवा."

बुर्गीनं मुलीचं नाव सांगितलं, व्रोनीचं. दुसरं नाव सांगताना मात्र ती अडखळली.

म्यूलफिएर्टलच्या डोंगराळ भागात हार्टश्लाग नावाचं गाव आहे, तिथल्या लोहाराची ही धाकटी मुलगी. पूर्ण नाव नोटबुर्गा लाइम्बॉक, पण गावात ती लोहाराची बुर्गीच. तीन थोरले भाऊ शिकले, आणि हिची पाळी आली तेव्हा बापानं सांगितलं, "मुलीला ताटं उचलता आली की झालं." म्हणून ती 'काळा बोकड'मध्ये वाढपी म्हणून लागली. गावातली ती एकच खानावळ. आत शिरल्याबरोबर भट्टीशेजारी एक गोल टेबल होतं, तिथं गावातले ठरलेले पुरुष रोज बियर घेऊन बसायचे आणि बुर्गीला चिमटे काढायचे. काही चिमटे बोलण्यातले, काही खरे.

स्वयंपाकघरात ओटी होती. ओटीलिए क्राइंडल. वयानं दहा-अकरा वर्षांनी मोठी, दंड पैलवानासारखे, तोंड फटकळ. पहिल्याच आठवड्यात बुर्गी डोळे पुसत आत आली, तेव्हा ओटीनं काही विचारलं नाही. कढईतला मोठा झारा घेऊन ती बाहेर गेली, गोल टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी जेवण मी वाढायला येईन." त्यानंतर चिमटे फक्त बोलण्यातले राहिले.

खानावळीत काम केलेल्याला दुपारची सुट्टी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दुपारची जेवणं उरकली की संध्याकाळची गर्दी सुरू होईपर्यंत दोन-तीन तास मोकळे. घरी जाऊन यायला पुरत नाहीत आणि बसून काढायला संपत नाहीत. कोणी झोपतं, कोणी मागच्या पायरीवर सिगारेटी ओढतं. बुर्गी जुन्या मेनूकार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. का लिहायची ते तिलाही सांगता आलं नसतं. डोक्यात साठलेलं कुठंतरी ओतायला हवं होतं.

पुढं व्रोनी झाली. लग्नाशिवाय झाली, म्हणून लोहाराच्या घराचं दार बंद झालं. खानावळीच्या माडीवरची खोली ओटीनं मालकाशी भांडून मिळवून दिली. पोर कपड्यांच्या टोपलीत, टोपली कोठीच्या दाराशी, आणि ओटी एका पायानं टोपली हलवत दोन्ही हातांनी बटाट्याचे गोळे वळायची. "तू लिही," ती म्हणायची. "ताटं मी पुसते. पण लिहिलेलं वाचून दाखवायचं. फुकट नाही काही."

आणि बुर्गी वाचायची. रोज दुपारी, जेवढं लिहून होईल तेवढं. ओटी ऐकायची आणि हातातलं काम न थांबवता म्हणायची, "खोटं! चुलीपाशी कोणी असं ताठ उभं राहून रडत नाही. बाई कांदा घेते चिरायला. मग कोणी विचारत नाही." बुर्गी खोडायची आणि कांदा घालायची. 'उभ्यानं जेवणाऱ्या' ही कादंबरी अशी तयार झाली. एका खानावळीतल्या बायकांची गोष्ट, सगळ्यांना बसवून वाढणाऱ्या आणि स्वतः कोपऱ्यात उभ्यानं चार घास गिळणाऱ्या. व्हिएन्नाच्या एका प्रकाशिकेनं ती घेतली, बुर्गीला नोकरीही देऊ केली, आणि एका शनिवारी सहा वर्षांच्या व्रोनीचा हात धरून बुर्गी गाव सोडून गेली.

पुस्तक आलं आणि हार्टश्लागमध्ये भूकंप झाला. पाद्रीसाहेबांनी प्रवचनात नाव न घेता घ्यायचं ते घेतलं. मालक फेर्डलनं पुस्तकाची बातमी असलेला पेपर भट्टीत घातला. बुर्गीला या कशाचं काही वाटलं नाही. तिच्या जिवाला लागलं ते एवढंच, की ओटी कधी आली नाही. दर पुस्तकाच्या जाहीर वाचनाला बुर्गी तिला पत्रिका पाठवायची, पहिल्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवायची आणि ती खुर्ची रिकामी राहायची. नाताळाआधी मात्र ओटीकडून व्हॅनिलाच्या चंद्रकोरी बिस्किटांचा डबा न चुकता यायचा. सोबत एक ओळसुद्धा नाही.

कारण काय ते बुर्गीनं मनाशी पक्कं केलं होतं. कादंबरीत एक स्वयंपाकीण होती. तिचा नवरा पिऊन येतो आणि ती तोंडातून ब्र काढत नाही. ओटीचा नवरा पेपी पिणाराच होता. आपण जिच्या जिवावर लिहिलं, तिचंच घर चव्हाट्यावर मांडलं, हे बुर्गीला इतकी वर्षं खुपत होतं. विचारायची हिंमत झाली नाही. गावात अंत्ययात्रेला भेट व्हायची, पेपीच्याही वेळी झाली, तेव्हा दोघी हवेबद्दल बोलल्या. बायकांनी बोललं पाहिजे, असं देशभर सांगत फिरणारी ही बाई!

पण आता ओटी चौऱ्याहत्तरची होती. पेन्शन सुरू होऊनही 'काळा बोकड'च्या चुलीपाशीच होती, कारण दुसरी स्वयंपाकीण मिळत नव्हती. आता नाही विचारलं तर राहूनच जाईल, असं म्हणून बुर्गी बसमध्ये बसली.

पोचली ती दुपारच्या सुट्टीत. ओटी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती.

"अगं बाई, प्रोफेसरीणबाई! दार लाव आधी, माशा येतात."

"कळलं वाटतं तुला."

"रेडिओवर सांगितलं. नाव नीट घेतलं मेल्यांनी. बस. केक आहे, कालचा. ताजा गिऱ्हाइकांना."

बुर्गी बसली. केक खाल्ला, हवेबद्दल बोलून झालं, दुखऱ्या गुडघ्यांबद्दल झालं. मग तिनं एका दमात विचारून टाकलं, "ओटी, तू माझ्यावर रागावलीस का गं? त्या स्वयंपाकिणीमुळं? पेपीमुळं?"

"पेपी प्यायचा हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तू काय नवीन लिहिलंस?" ओटीनं पाय बादलीत हलवले. "फक्त एक चुकलंस. मी गप्प कधी बसले? झारा विसरलीस वाटतं."

"मग एकदाही आली का नाहीस? दरवेळी पत्रिका पाठवली. खुर्ची धरून ठेवली."

ओटीनं तिच्याकडं पाहिलं, शिळ्या पोळीचं काय करावं अशा नजरेनं.

"किती वाजता असतो तुझा कार्यक्रम?"

"सातला."

"आणि सातला मी कुठं असते?"

बारा वर्षं याच दारातून बुर्गी सात वाजता तीन-तीन ताटं हातावर तोलत बाहेर धावली होती. बायकांच्या कष्टांवर सात कादंबऱ्या लिहिल्या आणि सात वाजता स्वयंपाकघरात काय चालू असतं तेच विसरली. तिला हसू आलं, आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली की ती केकची बशी उगाच पुसत बसली.

"म्हणजे राग नव्हता?"

"सवड नव्हती."

"पुस्तक तरी वाचलंस?"

"नाही."

"का?"

"तू वाचून दाखवायचीस ना? शेवट तेवढा राहिला. म्हटलं, येईल आणि वाचेल. मग तू मोठी झालीस, टीव्हीवर दिसायला लागलीस. तुला कसं म्हणायचं, ये आणि मला गोष्ट सांग?" तिनं हनुवटीनं फळीकडं खूण केली. "ते बघ, पिठाच्या डब्यामागं आहे."

बुर्गीनं पुस्तक काढलं, झटकलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. ते तिनं व्हिएन्नाला पोचल्यावर लिहिलं होतं, स्वतःच्याच जाण्यावरून. नायिका त्सिली भर गर्दीच्या दिवशी एप्रन काढते, खिळ्याला अडकवते, पोरीला घेऊन बसमध्ये चढते आणि मागं वळून बघत नाही. समीक्षकांनी या पानाचं फार कौतुक केलं होतं. दोन विद्यापीठांत ते शिकवतात.

वाचून झालं. ओटीनं एक पाय बादलीबाहेर काढला.

"मग त्या संध्याकाळी वाढलं कोणी?"

"कादंबरी तिथं संपते, ओटी."

"तुझी संपते. हॉल भरलेला होता ना? शिकारीची मंडळी आलेली, हरणाचं मांस होतं. कोणी वाढलं?"

बुर्गीनं हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

"तू."

"मग कोण? चुलीपाशी मी आणि हॉलमध्येही मीच. फेर्डल ओरडत आला, बुर्गी कुठाय म्हणून. म्हटलं, पोर तापानं फणफणलंय, दोघी वर झोपल्यात, वर गेलास तर तुलाही लागण होईल. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. नाहीतर त्यानं तुझ्या बापाला उठवलं असतं, आणि तो लिंट्सच्या स्टेशनावरून तुला केसाला धरून घेऊन आला असता."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

"तुला माझा राग नाही आला? न सांगता गेले मी."

"पाय दुखत होते, रागावणार कशानं? आणि खरं सांगू? चांगलं वाटत होतं. ताटं नेताना मनात म्हणत होते, आता बस फ्रायश्टाटला लागली असेल. आता लिंट्स आलं असेल. आता पोर खिडकीशी झोपलं असेल." ओटीनं टॉवेल ओढून घेतला. "रडू नकोस बाई. रडायचंच असेल तर कांदे आहेत तिथं, संध्याकाळचे चिरायचेत."

बुर्गीनं कांदे चिरले. पोटभर रडली आणि चिरलेही बरे.

परतल्यावर तिनं कचेरीत फोन लावला. कार्यक्रम सोमवारी दुपारी तीनला घ्या, म्हणाली. सोमवारी 'काळा बोकड' बंद असतो, आणि ज्या खानावळी चालू असतात तिथंही तीनला दुपारची सुट्टी असते.

"प्रोफेसरबाई, असं कधी झालेलं नाही. मंत्रिसाहेब दुपारी कामात असतात."

"संध्याकाळी माझी माणसं कामात असतात. पुरस्कार मंत्रिसाहेबांना आहे की मला?"

आठवडाभर फोनाफोनी झाली, पण ठरला सोमवारच. बातमी खानावळींतून पसरली असावी. सोमवारी हॉलमध्ये सूटबूटवाल्यांच्या मागं अशा बायका येऊन बसल्या, ज्या आजवर कुठल्याच पुस्तकाच्या कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. कोणाच्या कोटाखालून एप्रनची कड दिसत होती. पहिल्या रांगेत व्रोनीच्या शेजारी ओटी होती. केस सेट केलेले, सणाचा हिरवा डिर्न्डल झगा, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. मंत्रिसाहेब स्त्रीशक्तीवर बोलत होते तोवर तिला दोनदा डुलकी लागली.

बुर्गी माइकपाशी गेली. आभाराचं लांबलचक भाषण तिनं लिहून आणलं होतं, ते तिनं घडी घालून खिशात टाकलं.

"माझ्या पहिल्या कादंबरीचा शेवट अर्धाच आहे," ती म्हणाली. "मी बसमध्ये बसले त्या संध्याकाळी हॉल भरलेला होता. ताटं ओटीलिए क्राइंडलनं नेली. म्हणून मी पोचले. धन्यवाद, ओटी."

ओटीनं पर्स सावरली आणि ती स्वयंपाकघरातून बाहेर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"बरं बरं. पोचलीस ना!"