बाळच नाही, मग रजा कसली?

मंडळी, मघाशी कामावरून आले, पण चैन पडत नाहीये, म्हणून लिहितेय.

मिरजोळे एमआयडीसीत मासळी पॅकिंगचा एक कारखाना आहे, तिथे मी ऑफिसात असते. पॅकिंगला असलेल्या सानिकाचा गेल्या आठवड्यात पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. आज बघते तर ती कामावर उभी, चेहरा पांढराफटक.

"घरी का नाही थांबलीस गो?"

"सुपरवायझर म्हणाले, बाळच नाही, मग रजा कसली?"

मी तडक मॅनेजरांकडे गेले. म्हटलं, "सर, गर्भपात झाला तरी सहा आठवडे पगारी रजा मिळते. कायदाच आहे तसा."

"ती कंत्राटी आहे. ठेकेदाराशी बोला."

ठेकेदाराला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि सुट्टी होताना सानिकाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

गेटवर ती मला म्हणाली, "ताई, कशाला बोललात? इथे कामात असले की रडू तरी येत नव्हतं."

उद्या तिला घेऊन कामगार कार्यालयात जायचं म्हणतेय, ती आली तर.

तुमच्यापैकी कुणा कंत्राटी बाईला ही रजा खरंच मिळालीय का? कशी मिळवलीत, सांगाल?