न गळणारा चक्का

"मॅडम, रात्रभर टांगलाय. थेंब गळेल तर शपथ," राणेताई फोनवर म्हणाल्या. पाडवा दोन दिवसांवर आला होता.

राणेताईंची मुलुंडला छोटी डेअरी आहे. त्यांना कल्चर पुरवणाऱ्या कंपनीत मी टेक्निकल सपोर्ट बघते. कल्चर म्हणजे आपलं विरजणच, फक्त निवडक जीवाणूंचं, पावडरीतलं.

मी पोचले तेव्हा दह्याची गाठोडी हुकांना लटकत होती आणि खालची परात जवळजवळ कोरडी होती. पाणी गळल्याशिवाय चक्का नाही आणि चक्क्याशिवाय श्रीखंड नाही. आसपासच्या सोसायट्यांच्या ऑर्डरी तर घेऊन झाल्या होत्या. पाडव्याला श्रीखंड मिळालं नाही तर गिऱ्हाईक पुन्हा दारात येणार नाही, असं म्हणताना राणेताई रडवेल्या झाल्या.

तेवढ्यात बॉसचा फोन. बॅच रिप्लेस कर, सॉरी म्हण आणि विषय संपव. मी म्हटलं, सर, आधी बघू तर द्या.

चमचा बुडवून उचलला. दही छान लागत होतं, घट्ट होतं आणि चमच्यामागे बारीक तार येत होती.

"ताई, हे कपातल्या दह्याचं कल्चर ना?"

"हो. एवढं झकास दही लागलं, म्हटलं सगळ्याला हेच घालू. घरी काय आपण दोन विरजणं ठेवतो?"

घरच्या हिशेबाने बाई बरोबर होत्या. पण हे जीवाणू दूध आंबवताना एक चिकट पदार्थ तयार करतात आणि तो पाणी धरून ठेवतो. म्हणूनच कपातलं दही मऊ राहतं, वर पाणी सुटत नाही. फडक्यात बांधल्यावरही ते बिचारे आपलं काम चोख करत होते. मला हसू येत होतं, पण ताईंच्या तोंडाकडे बघून आवरलं.

चक्क्याचं जुनं कल्चर फ्रीजरमध्ये होतं. लगेच नवीन दूध लावलं, संध्याकाळी दही टांगलं. सकाळी परात भरली होती आणि माझाही जीव भांड्यात पडला.

न गळलेलं दही ताई फेकायला निघाल्या होत्या. मी फेकू दिलं नाही. त्यात साखर, जायफळ, वेलची आणि थोडं ताक घालून घुसळलं. दाट पियूष झालं.

पाडव्याच्या संध्याकाळी ताईंचा फोन आला. श्रीखंड संपलं होतं, पियूष त्याच्याही आधी. "मॅडम, उद्या परत तसंच बिघडवायचंय. टांगायची गरज आहे का?"

नाही म्हटलं. पाणी न सोडणारा जीवाणू फडक्यात बांधू नये. चुकून बांधलाच, तर साखर हाताशी ठेवावी.