दोन वाजताचा डोस

तिला फोनवर बोलताना पहिल्यांदा ऐकलं, त्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी चुकीचं अँटिबायोटिक लिहिलं होतं आणि ही त्यांना अशा सुरात विचारत होती, की जणू हिलाच काही कळलेलं नाही. दोन मिनिटांत औषध बदललं. वर डॉक्टरांनीच हिचे आभार मानले! मी असते तर सरळ म्हटलं असतं, ‘हे लागू पडणार नाही.’ औषध बदललं असतं, पण आभार कुणी मानले नसते.

तोक्योतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघी फार्मासिस्ट. जंतुसंसर्गावरच्या औषधांचं खास प्रशिक्षण घेत होतो. पहिल्या वर्षाला दोघी, पुढच्या प्रगत वर्षाला जागा एकच. ती मला हवी होती. तिच्या आजोबांचं औषधांचं दुकान, आई फार्मासिस्ट, ही तिसरी पिढी. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणी न विचारताही सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, भाषा शिकले, इथली परवाना परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. हे सगळं मी कमावलेलं. तिला मात्र जन्मतःच मिळालं, असा माझा हिशोब.

तोक्योतल्याच ओजिमा भागातल्या आमच्या घरी जेवताना नवरा चिडवत विचारायचा, “आज सवत काय म्हणाली?”

“काही नाही. बरोबर होती.”

“मग तोंड का असं?”

“बरोबर होती म्हणूनच.”

तर तो गुरुवार. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, मणक्यात जंतुसंसर्ग झालेले. साध्या औषधांना न जुमानणारे जंतू, म्हणून रोज दुपारी दोन वाजता एका जड अँटिबायोटिकचं सलाईन. हे औषध कमी पडलं तर जंतू वाढतात, जास्त झालं तर किडनीला त्रास. म्हणून अधूनमधून सलाईन लावण्याच्या आधी रक्त काढून त्यातलं प्रमाण बघतात. बुधवारचा रिपोर्ट फार जास्त आला होता. गुरुवारी सकाळी तिने डोस निम्मा करायला सुचवलं आणि डॉक्टरांनी केला.

मला तो आकडा पटेना. या माणसाची किडनी ठीक होती, एवढं औषध साचेल कसं? मी वॉर्डात फोन लावला. नर्स म्हणाली, “काल ते एक्स-रेहून उशिरा आले ना, म्हणून सलाईन आधी सुरू केलं. रक्त नंतर काढलं.”

म्हणजे रिपोर्टच खोटा. नसेत औषध चालू असताना काढलेलं रक्त, आकडा फुगणारच. जुना डोसच बरोबर होता. तिने वेळ तपासली नव्हती.

तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती माझ्यापासून तीन खुर्च्या पलीकडे बसली होती. तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं असतं तर दोनचा डोस पूर्ण गेला असता.

मी नाही सांगितलं. चार वाजता आमची बैठक असे, आम्हाला शिकवणारे सेन्सेई, डॉक्टर, नर्स, सगळे एका टेबलाशी. तिथे सांगायचं ठरवलं. एका दिवसाच्या निम्म्या डोसने काय होतंय, असं मनाला समजावलं. जेवायच्या सुट्टीत तिने मला स्वतःच्या डब्यातलं अंड्याचं ऑम्लेट दिलं. मी खाल्लं. चांगलं झालं होतं, त्याचाही राग आला.

चार वाजता मी बोलले. मुद्देसूद, एकही शब्द न अडखळता. बोलताना सेन्सेईंकडे बघत होते. त्यांनी मान डोलावली तेव्हा आत असं काही गार वाटलं, की काय सांगू.

ती तोपर्यंत उठली होती. “दोनचा डोस गेला का?” तिने नर्सला विचारलं. “गेला? निम्मा?” आणि डॉक्टरांकडे वळून, “राहिलेला आत्ता देऊ या का?” मग सगळ्यांसमोर कमरेतून वाकली. “मी वेळ पाहिली नाही. चूक माझी.”

आजोबांना परत सलाईन लागलं. त्यांच्या आंघोळीची पाळी साडेचारची होती, ती हुकली. आता थेट सोमवारी.

आमच्याकडे अशी चूक हाती लागली की ज्याच्या लक्षात आली त्याने एक फॉर्म भरायचा. कुणाला शिक्षा करायची म्हणून नाही, पुन्हा होऊ नये म्हणून. त्यात एक रकाना असतो: कधी लक्षात आलं. मी पेन धरून बसले. दुपारी साडेतीन लिहिलं असतं तर कोण बघणार होतं? नर्सला तरी फोनची वेळ कुठे आठवत होती? पण खोटं लिहून पुढे जायचं नाही, एवढा गर्व माझ्यात आहे. ११:१० लिहिलं.

सेन्सेईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. फॉर्म टेबलावर होता.

“जवळजवळ पाच तास,” ते म्हणाले. “कामात होतात?”

“नाही. तिची चूक सगळ्यांसमोर दिसावी म्हणून थांबले.”

इथे एवढं उघड कुणी बोलत नाही.

“या वर्षातली सगळ्यात अवघड चूक तुम्ही पकडलीत,” ते म्हणाले. “मी ते पाहिलं. तुम्ही मला दाखवत होतात. त्या मात्र विचारत होत्या, औषध गेलं का.”

जागा तिला मिळाली. मी अभिनंदन केलं, तोंडदेखलं, आणि तिला ते कळलंही असावं. तिने फॉर्म वाचला होता. नियमाने सगळ्यांनाच वाचायला मिळतो. फक्त एवढंच म्हणाली, “पुढच्या वेळी मला हाक मारा. लांब नाही बसत मी.”

आजही जळते मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू? पण तिच्या आजोबांच्या दुकानावर जळणं सोपं होतं. ते मला मिळणारच नव्हतं. ‘डोस गेला का’ हे विचारायला मात्र तीन पिढ्या लागत नाहीत. ते मला अकरा वाजून दहा मिनिटांनीच विचारता आलं असतं. पुढच्या वर्षी जागेसाठी पुन्हा अर्ज करणार आहे. का थांबले होते, हे मुलाखतीत विचारतील, कारण ११:१० ही वेळ त्यांच्या फायलीत आधीच माझ्या अक्षरात आहे.