टेपचं दुसरं टोक

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. गावात कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी तारीख विचारायचे, साक्षीदार विचारायचे... इतिहासाची विद्यार्थिनी ना! लोक वैतागून गप्प बसायचे. आता माझी पाळी आहे, तेव्हा विचारा काय विचारायचं ते.

मी रेवदंड्याची. बी.ए.ला मध्ययुग आणि युरोपातलं प्रबोधन हा विषय घेतला, तो घरात कुणालाच पटला नव्हता. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, तर जेवायला बसले की म्हणायचे, "मेलेल्यांचा अभ्यास करून जिवंत माणसाचं पोट भरतं होय गं?" तिकडे इटलीत चित्रकार भिंती रंगवत होते, त्याच काळात इकडे आपल्या चौलच्या बंदरात अरबी घोडे उतरत होते — हे वाचून माझ्या अंगावर काटा यायचा, ते त्यांना कसं सांगणार? बाबांनी मात्र स्पष्ट बजावलं होतं, एक जरी विषय राहिला तर शिक्षण बंद.

आणि शेवटच्या वर्षी नेमका प्रोजेक्ट अडला. चौलच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत पोर्तुगीज काळातल्या इमारतीच्या चार पडक्या भिंती आहेत. त्यांची मोजणी करून नकाशा काढायचा होता. हे दोघींचं काम... एकीने टेपचं टोक धरायचं, दुसरीने आकडा वाचायचा. माझी जोडीदारीण नोकरी लागल्यावर कॉलेज सोडून गेली. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता, आणि शनिवारी सकाळी दहा वाजता मी वाडीत एकटी.

वाडीवाल्या काकूंकडून चावी घेऊन मी आत शिरले, फाटकाला आतून कडी लावली. टेपच्या टोकावर दगड ठेवून भिंतीपलीकडे गेले की टोक सुटायचं. तीनदा तसंच झालं. मी रडायच्या बेतात होते. चौथ्यांदा ओढला तर टेप ताठ! पलीकडून कुणीतरी धरला होता. वाटलं, काकूंचे यजमान, काका, आले असतील मागच्या बाजूने.

"काका, जरा वर धरा हं," मी म्हटलं. टेप वर सरकला.

मग काय, धडाधड मापं झाली. भिंती डोक्यापेक्षा उंच, त्यामुळे पलीकडचं दिसत नव्हतं. "सोडा" म्हटलं की सुटायचा, "आता पुढचा कोपरा" म्हटलं की टोक तिकडे गेलेलं असायचं. एकदा जरा उशीर झाला तर मी खेकसलेसुद्धा, "काका, झोपलात काय?" आठवलं की अजून लाज वाटते.

शेवटचं माप मागच्या भिंतीचं. टेप सोडत मी पाठमोरी सरकत होते... आणि टेप सुटेचना. तीस मीटरचा टेप, जेमतेम अकरा मीटर बाहेर आला होता. "सोडा ना, काका!" म्हणत मी हिसका दिला, तर उलट मीच दोन पावलं पुढे ओढली गेले. तोल सावरताना मागे नजर गेली. मी आधी उभी होते तिथून हातभर मागे वाळक्या झावळ्यांचा थर होता, मधोमध खचलेला. त्यावर एक दगड टाकला. तो आरपार गेला, आणि बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला. बिनकठड्याची विहीर होती ती.

"काका!" ओरडत मी भिंतीला वळसा घालून धावले. कुणी नव्हतं. टेपचं टोक मातीत पडलं होतं, फाटकाची कडी आतूनच लावलेली, आणि मागच्या कुंपणाला कुठे वाटच नव्हती.

काका संध्याकाळी आले. "मी सकालपासून अलिबागला, कोर्टात व्हतो गं पोरी. वाडीत दुसरा कोन नाय." विहिरीचं ऐकून ते मटकन खाली बसले. "ती तुला सांगायची र्‍हायलीच," म्हणत काकूंनी माझा हात धरला तो सोडेनात.

टेप दगडात अडकला असेल, असं मी स्वतःला खूप समजावलं. मग तो वर कसा सरकला? सांगितल्यावर सुटला कसा? या सगळ्याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. भीती मात्र कधीच वाटली नाही... वाटते ती फक्त कृतज्ञता. मी पास झाले, एम.ए.चा फॉर्म तर बाबांनी स्वतः आणून दिला.

तोंडी परीक्षेत मॅडम नकाशा बराच वेळ बघत होत्या. "तिरकी मापंसुद्धा जुळताहेत. एकटीने हे होत नाही. जोडीला कोण होतं?"

"होतं कुणीतरी," मी म्हटलं. "फार चांगलं माणूस होतं, मॅडम. नाव विचारायचं राहून गेलं."